लिंबाच्या वासाचे सदरे

लढाई सुरू झाली त्या दिवशी अण्णांच्या दुकानात कापडाचे तागे आले. हातगाडीवाल्याने ते उतरवले. अण्णांनी ते आत लावले. शेजारच्या घरात रेडिओवर बातम्या चालू होत्या.

दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. बेंगळुरूच्या शिवाजीनगरात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढे अण्णांची शिलाईची यंत्रं, मागे स्वयंपाकघर आणि एक खोली, आणि वर गच्ची. अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांचे आजोबा निपाणीकडून इकडे शिंपीकाम करायला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत कन्नड, दुकानात जो येईल त्याची भाषा. यंत्राचा आवाज आमच्या घरात इतका मुरलेला होता की तो थांबला की आम्हाला जाग यायची. रविवारी सकाळी मी डोळे उघडून पडायचे आणि वाटायचं, काहीतरी हरवलंय. मग लक्षात यायचं, आज सुट्टी.

तोवर अण्णांनी शाळेचे गणवेश शिवले होते, लग्नात वाजवणाऱ्या बँडवाल्यांचे लाल कोट शिवले होते. सरकारी काम मात्र मोठ्या दुकानांकडे जायचं आणि त्यांच्याकडून उरलंसुरलं आमच्याकडे यायचं. या वेळी लष्करी दवाखान्यासाठी रुग्णांचे सदरे हवे होते, घाईने हवे होते, आणि पहिल्यांदाच काम थेट अण्णांच्या नावावर आलं. पांढरं सुती कापड, बटणं नाहीत, बाजूने बांधायच्या नाड्या. अण्णांनी तागा हुंगला, बोटांत चुरगाळून पाहिला आणि आईला म्हणाले, "पहिला गठ्ठा पसंत पडला तर आपण यादीत राहिलो. नापसंत झाला तर परत बँडवाल्यांचे कोट." आईने विचारलं, "जखमींना घालायला ना हे?" अण्णा "हूं" म्हणाले. आई आत गेली. तिचा धाकटा भाऊ, आमचा शंकरमामा, फौजेत होता आणि तेव्हा नेमका कुठे होता ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

मोठ्यांची लढाई अशी होती. आमची वेगळी होती आणि तिची सेनापती होती अक्का, माझी मोठी बहीण. माझ्याहून तीन इयत्ता पुढे. तिला मी अक्का म्हणायचे म्हणून सगळी गल्लीच तिला अक्का म्हणायची, तिच्या आजोबांच्या वयाची माणसंसुद्धा. अक्काला लढाई मनापासून आवडली, हे आता लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. शाळेच्या मैदानात खंदक खणले गेले. कबड्डीची जागा गेली म्हणून मुलं हळहळली. अक्काने पहिल्याच दिवशी त्यात उतरून कुठल्या कोपऱ्यात बसलं की बाईंना आपण दिसत नाही ते शोधून काढलं. हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की बाकाखाली शिरायचं, कानात कापूस घालायचा आणि दातांत खोडरबर धरायचं, असं शिकवलं होतं. त्यासाठी प्रत्येकीने दप्तरात कापूस ठेवायचा. अक्काने तो सकाळीच कानात घातला आणि भूगोलाच्या तासाला बाई नद्या विचारत असताना ती शांतपणे त्यांच्याकडे बघत राहिली. बाई ओरडल्या तेव्हा तिने कानाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "बाई, भोंगा सांगून वाजत नाही."  

संध्याकाळी दिवे मालवायचे असत. अण्णांनी कोटांच्या अस्तराचं काळं कापड खिडक्यांना ठोकलं आणि उरलेल्या तुकड्यांतून गल्लीतल्या प्रत्येक घराला पडदे करून दिले. तो अवरेकाळूचा, म्हणजे पावट्याचा, हंगाम होता. बेंगळुरूच्या थंडीत या शेंगांचा वास सगळ्या गल्लीला असतो. आईच्या साडीला, आमच्या वह्यांना, सगळ्याला तो लागायचा. भिजवलेल्या दाण्यांची सालं चिमटीत दाबून काढायची आणि मग त्याची आमटी करायची, आणि हे काम अंधारात छान होतं, बघावं लागत नाही. आम्ही चौघं काळ्या खोलीत परातीभोवती बसायचो. दाणा सालातून सटकला की परातीत टप्प वाजायचं. अण्णा अंधारात जास्त बोलायचे. उजेडात त्यांच्या ओठांत टाचण्या असायच्या.

गल्लीतला पहारा नरसिंहय्यांकडे होता. ते निवृत्त पोस्टमास्तर, समोरच्याच घरात एकटे राहणारे. त्यांना एक शिट्टी आणि पत्र्याची टोपी मिळाली होती. कुठे फटीतून उजेड दिसला की शिट्टी, कुणी विडी पेटवली की शिट्टी. अक्का पडद्याचं टोक उचलायची, नेम धरायची आणि सोललेला दाणा चिमटीतून सोडायची. टण्ण. नरसिंहय्या थांबायचे आणि आभाळाकडे बघायचे. थोडं चालायचे. टण्ण. पुन्हा आभाळ. मी परातीत तोंड खुपसून हसायचे आणि अण्णा म्हणायचे, "सुमे, सर्दी झाली का गं?"

पहिला गठ्ठा शिवून होत आला तेव्हा आईने ते केलं. आमच्यात नवं कापड तसंच अंगावर घालत नाहीत. आधी त्याला आतल्या बाजूने हळदीचं बोट लावतात. शिंप्याकडून आलेलं कापड प्रत्येक जण आपापल्या घरी नेतो आणि घरची बाई बोट लावते. शिंप्याच्या घरात गिऱ्हाइकाच्या कपड्याला बोट लागत नाही, तो आपला अधिकार नाही. आईला हे आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण त्या दुपारी अण्णा बाहेर गेलेले असताना ती ओल्या हळदीची वाटी घेऊन गठ्ठ्यापाशी बसली आणि एकेका सदऱ्याची खालची दुमड उलटून आतल्या अंगाला बोट टेकवायला लागली. आम्ही दारात उभ्या राहिलो.

"आई, हे आपले नाहीत," मी म्हटलं.

"मग कुणाचे आहेत?"

"दवाखान्याचे."

"दवाखान्याला आई असते का? तिथे कोण लावणार बोट?" ती मान वर न करता म्हणाली. "आता आल्यात तर घड्या घाला. आणि अण्णांना स्वल्पसुद्धा कळता कामा नये."

आम्ही घड्या घातल्या. प्रत्येक सदऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, मुगाच्या डाळीएवढा पिवळा ठिपका.

दोन दिवसांनी अण्णांनी रात्री जेवताना बातमी सांगितली. पलीकडच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या दुकानाचा सगळा गठ्ठा परत आला होता. यंत्रातल्या तेलाचा डाग सापडला, एका सदऱ्यावर, बाहीच्या आत. तपासणारा साहेब म्हणे प्रत्येक कपडा उलटा करून उजेडाला धरतो. "आपल्याकडे डाग नाही," अण्णा म्हणाले. "मी स्वतः यंत्रं पुसलीत. परवा सकाळी नेऊ." आईच्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला. अंधारात तिचा चेहरा दिसत नव्हता. अक्काने माझ्या मांडीला चिमटा काढला.

सकाळी अण्णा नाड्यांची उरलेली फीत आणायला चिकपेटच्या बाजारात गेले, आई रॉकेलच्या रांगेत गेली. दोघंही दुपारपर्यंत येणार नव्हते. आम्हाला शाळा होती. अक्काने माझं दप्तर खुंटीवर परत टांगलं आणि म्हणाली, "आज आपण आजारी. तुला काय हवं, ताप की पोट?" मी पोट घेतलं. मग तिने मोरीत बादली ठेवली, कपड्यांचा पिवळा साबण काढला आणि आम्ही गठ्ठा सोडला.

आमच्या घरी कपडे आई धुवायची. आम्हाला फक्त पिळायला बोलावलं जायचं. म्हणून आम्हाला ते ठाऊक नव्हतं. अक्काने पहिल्या सदऱ्याची दुमड ओली केली, साबण घासला, आणि ठिपका लाल झाला. गुलाबी नाही, लाल. आम्ही बघत राहिलो. "तो सदरा खराब असेल," अक्का म्हणाली आणि दुसरा घेतला. तोही लाल. तिने आणखी साबण घासला, तशी लाली पसरून रुपयाएवढी झाली. मोरीत बघता बघता असे बरेच सदरे साठले, आणि प्रत्येकाच्या खालच्या कडेला ताजं रक्त सांडल्यासारखं दिसत होतं. मी रडायला लागले. अक्का दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली, फेस कोपरापर्यंत.

"रडतेस काय," ती म्हणाली. "बघ तरी, सदरे लढाईवर न जाताच जाऊन आले."

आणि मग तीही रडायला लागली, कारण अण्णांचं 'परवा' आता उद्यावर आलं होतं.

त्या दिवशी रांग लहान निघाली आणि आई रॉकेलचा डबा घेऊन लवकरच आली, ती अशा देखाव्यात. मोरीच्या दारात उभी राहून तिने सगळं पाहिलं: दोन रडणाऱ्या मुली, लाल डागांचे सदरे, संपलेला साबण. आम्ही मार खायच्या तयारीने मान खाली घातली. आईने डबा खाली ठेवला आणि तोंडाला पदर लावला. मला वाटलं तीही रडतेय. ती हसत होती. तिला भिंतीला टेकावं लागलं.

"हळदीचं कुंकू केलंत गं, पोरींनो," ती म्हणाली. "कुंकू असंच करतात. हळदीला साबण नाही लावायचा. सुमे, पळ. कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडून लिंबं घेऊन ये, असतील तेवढी. अक्का, तू दोरी घेऊन गच्चीत जा."

लिंबाच्या पाण्यात बुडवलं की लाल पुन्हा पिवळं व्हायचं, आमच्या डोळ्यांसमोर. आम्ही प्रत्येक सदऱ्याला "अय्यो!" म्हणत होतो. आता पिवळं घालवायचं काम उन्हाचं, आई म्हणाली. हळद उन्हापुढे टिकत नाही. पण उन्हाला आमची घाई ठाऊक नव्हती. धुकं अजून गल्लीतच बसलं होतं. आम्ही साऱ्या गच्चीवर सदरे पसरले, दोऱ्यांवर, कठड्यावर, पाण्याच्या टाकीवर, खालच्या कडा वर करून, आणि आभाळाकडे बघत बसलो. तेवढ्यात शिट्टी वाजली.

नरसिंहय्या टोपी सांभाळत जिना चढून वर आले. "एनम्मा इदु?" हे काय आहे, असं त्यांनी आईला विचारलं, आणि मग हात आभाळाकडे करून कन्नडमध्ये समजावलं की गच्चीवर पांढरं काही चालणार नाही. विमानातून पांढरं सगळ्यात आधी दिसतं. सगळं ताबडतोब काढा.

आईचा चेहरा पडला. अक्का पुढे झाली.

"मामा, हे दवाखान्याचे सदरे आहेत," ती कन्नडमध्ये म्हणाली. "दवाखान्यावर बॉम्ब टाकत नाहीत ना? तसा नियम आहे ना?"

"आहे," नरसिंहय्या म्हणाले. नियमाचं नाव काढलं की ते सरळ उभे राहायचे.

"मग विमानवाल्याला वरून काय दिसणार? दवाखान्याचे सदरे. तो म्हणणार, हा दवाखाना. म्हणजे आज सगळ्या गल्लीत हीच गच्ची सुरक्षित."

नरसिंहय्यांनी बराच विचार केला. त्यांनी सदऱ्यांकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "पण त्याला नीट दिसलं नाही तर?"

"म्हणून तर कुणीतरी जबाबदार माणूस इथे बसून लक्ष ठेवायला हवं."

ते खाली गेले आणि छत्री, मोडकी खुर्ची आणि दुर्बीण घेऊन परत आले. ती दुर्बीण घोड्यांच्या शर्यतीला न्यायची होती. ते शर्यतीला जातात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. दुपारभर ते गच्चीच्या मधोमध बसून आभाळ तपासत होते. धुकं विरलं, ऊन पडलं, आणि ठिपके आमच्या डोळ्यांदेखत फिके होऊ लागले. दर थोड्या वेळाने नरसिंहय्याच सांगायचे, "तिरगिसी, तिरगिसी", उलटवा, सावली आली. आईने त्यांना ताक दिलं. ताक पिऊन त्यांनी मिशा पुसल्या आणि दुर्बीण न काढता अक्काला म्हणाले, "अक्का, गेले कित्येक दिवस आकाशातून अवरेकाळू पडतंय. मी वर कळवलेलं नाही." अक्का उठून सदरे उलटवायला लागली, सावली नसलेलेसुद्धा.

अण्णा वर आले तेव्हा ऊन कलत होतं. त्यांच्या हातात फितीची गुंडाळी होती. गच्चीभर सदरे, पिळलेल्या लिंबांचा ढीग, बायको, शाळेत असायला हव्या होत्या त्या दोन मुली आणि दुर्बीण लावलेले पोस्टमास्तर. त्यांनी गुंडाळी कठड्यावर ठेवली. मग म्हणाले, "मी शिंपी आहे की परीट?"

 त्यांनी जवळचा सदरा उचलला, दुमड उलटली. तिथे अजून पिवळट छाया होती. शिंप्याच्या नजरेला ती कशाची आहे ते सांगावं लागत नाही. त्यांनी आईकडे पाहिलं.

"शंकरला कुणी लावलं असेल का?" आई म्हणाली. तेवढंच.

अण्णांनी तो सदरा झटकला, दुमड उन्हाकडे केली आणि दोरीवर परत टाकला. मग दुसरा उचलला. अंधार पडेपर्यंत ते आमच्याबरोबर सदरे उलटवत होते, आणि उरलेल्या नाड्या त्यांनी पहाटे उठून लावल्या, गरम इस्त्रीच्या वासात.

तपासणीला त्यांनी आम्हा दोघींनाही जटक्यात, म्हणजे घोड्याच्या गाडीत, घातलं, गठ्ठे धरायला. लांब टेबलामागे साहेब बसला होता, चष्मा कपाळावर. त्याने पहिला सदरा उलटा केला, बाह्या ताणल्या, नाड्या ओढून पाहिल्या, खालची दुमड खिडकीकडे धरली.  अण्णा समोरच्या भिंतीकडे बघत होते. साहेबाने दुमड डोळ्यांजवळ नेली, मग नाकाजवळ.

"ये क्या है? निंबू?"

 अण्णांना खोटं बोलता यायचं नाही आणि खरं सांगायची सोय नव्हती.

"जी साब," अक्का शाळेत कविता म्हणावी तशी म्हणाली. "बीमार लोगों के कपडे हैं ना. इसलिए धोके, निंबू लगाके, धूप में सुखाके लाए. जंतू मर जाते हैं."

साहेबाने चष्मा खाली घेतला. अक्काकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. "नया कपडा धोके लाए?" तो शेजारच्या कारकुनाला म्हणाला, "देखो. इसको कहते हैं काम." आणि गठ्ठ्यावर शिक्का मारला.

हे इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्यात सगळ्या शिंप्यांना हुकूम आला की रुग्णांचे सदरे यापुढे लिंबाच्या पाण्यातून काढून, उन्हात वाळवूनच आणायचे. शिवाजीनगरच्या बाजारात लिंबं मिळेनाशी झाली. दुकानादुकानांतून अण्णांच्या नावाने बोटं मोडली जात होती, आणि अण्णा रस्त्याने मान खाली घालून चालायचे. लोक त्याला नम्रपणा समजायचे. आई मात्र खूश होती. आता तिला लपूनछपून काही करावं लागत नव्हतं. शिवण झालं की ती उघडपणे वाटी घेऊन बसायची, बोट लावायची, आणि मग ऊन ते पुसून टाकायचं. मी एकदा विचारलं, जायचंच आहे तर लावायचं कशाला? "दिसेनासं झालं म्हणजे गेलं असं नाही," ती म्हणाली आणि पुढचा सदरा घेतला. पुढे मी आयुष्यभर वाचनालयात नोकरी केली, पुष्कळ वाचलं. याहून बरं उत्तर मला सापडलेलं नाही.

शंकरमामा उन्हाळ्यात परत आला. त्याला गोळी लागली नव्हती, साधं खरचटलंही नव्हतं. त्याला कावीळ झाली होती आणि तो महिनाभर कुठल्याशा लष्करी दवाखान्यात पडून होता. आईने त्याला दारातच विचारलं, "सदऱ्याला लिंबाचा वास येत होता का रे?" मामा गोंधळला. म्हणाला, असेल, त्या वेळी मला कसलाच वास येत नव्हता. अक्का म्हणाली, "आई, ऊन लागलं नाही वाटतं त्या सदऱ्याला. सगळी हळद मामावरच उतरली." मामाने तिच्या पाठीत धपाटा घातला.

हे सगळं मी बनशंकरी भागातल्या घरात बसून लिहिते आहे. अक्का असती तर तिने निम्मं खोडून काढलं असतं आणि स्वतःला आणखी पराक्रमी केलं असतं. गेल्या वर्षी तिला सर्जापूर रोडवरच्या दवाखान्यात ठेवलं होतं, तिच्या मुलाच्या घरापासून जवळ म्हणून. फिकट निळा गाऊन, मागून नाड्या. तिने नाडी बोटांत धरून पाहिली आणि म्हणाली, "अण्णांनी या उसवून परत लावल्या असत्या." मी घरून हळदीची डबी नेली होती. परिचारिका बाहेर गेल्यावर गाऊनची खालची कड उलटली आणि ओलं बोट टेकवलं. अक्का डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोपली.

"सुमे," ती म्हणाली, "साबण लावू नकोस हं."

आम्ही इतक्या हसलो की परिचारिका धावत आली.

अक्का तिथून घरी आली नाही. गाऊन दवाखान्याने परत घेतला. हळदीची डबी माझ्या पिशवीत आहे.